चुलीची चार कामं

आठ तोळे मोड आलेले गहू, आठ तोळे वाटलेले बदाम, आठ तोळे कुटलेला हिरवा पाला, सहा लिंबं आणि दोन औंस मध. १९२९ च्या उन्हाळ्यात गांधीजींचं दिवसभराचं खाणं एवढंच होतं. आठवड्यातून दोन-तीनदा गव्हाच्या जागी मोडाचे हरभरे यायचे. हे सगळं दोन जेवणांत विभागलेलं, आणि विस्तवाशी संबंध फक्त पिण्याच्या पाण्याचा. ‘यंग इंडिया’त त्यांनी हे प्रमाण मोजूनमापून छापलं. ऑगस्टमध्ये त्यांना आमांशाचा त्रास झाला, प्रयोग थांबवावा लागला आणि ते पुन्हा शेळीच्या दुधावर आले. असाच एक प्रयोग त्यांनी तरुणपणी, १८९३ मध्ये प्रिटोरियात केला होता. तोही थोड्याच दिवसांत सोडावा लागला होता.

हा माणूस निश्चयात कमी पडणारा नव्हता. मग अडलं कुठे? ते प्रमाण घेऊन मी एकदा वहीत हिशेब मांडला. तोळा म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या थोडा आत, तेव्हा आठ तोळे म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम. बदामांचे साडेपाचशेच्या आसपास उष्मांक, मोडाच्या गव्हाचे दोनशेच्या आत, मधाचे पावणेदोनशे, पाला आणि लिंबं मिळून शंभराच्या आत. बेरीज कशीबशी हजारापर्यंत जाते. कामाच्या माणसाला दिवसाला याच्या दीडपट ते दुप्पट लागतात. आमांशाचं कारण वेगळं असेल, पण शरीर आधीच ओढीला लागलेलं होतं हे त्या आकड्यांवरून दिसतं.

माझी स्वतःची पहिली खेप तीन आठवड्यांत संपली होती. गॅस बंद केला आणि फळं, काकड्या, गाजरं आणि मोड यांवर राहिले. पोट फुगायचं, हातपाय गार पडायचे आणि रात्री अकरा वाजता भाकरीची आठवण यायची. दुसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. चूल आपल्यासाठी नेमकं काय करते, हे आधी समजून घेतलं. ती चार कामं करते: अन्न मऊ करते, थोड्या खाण्यात पोट भरेल असं करते, जंतू मारते आणि काही पदार्थांतलं विष उतरवते. जी कामं चुलीकडून काढून घ्याल, ती दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावी लागतात. ती कोणाकडे सोपवायची हे कळलं की कच्चा आहार अंगी लागतो आणि टिकतोही. ते कळलं नाही तर निश्चय कितीही पक्का असला तरी शरीर एक दिवस थांबवतंच.

आधी, कच्च्यात मिळतं काय?

पहिला लाभ क जीवनसत्त्वाचा. ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमी होतं. भाजी उकडून पाणी ओतून दिलं की त्यातला बराच भाग मोरीत जातो. आवळा, पेरू, लिंबू, कोथिंबीर, ढोबळी मिरची ही त्याची घरगुती कोठारं, आणि ही सगळी कच्ची खाता येतात. फक्त चिरून ठेवू नका. चिरल्यावर हवा लागते तसं हे जीवनसत्त्व घटत जातं, म्हणून कोशिंबीर पानं मांडताना करायची.

दुसरा लाभ समजायला मोहरी बघा. अख्खी मोहरी जिभेवर ठेवली तर फारशी तिखट लागत नाही. तीच थोड्या पाण्यात फेसली की नाकात झिणझिण्या येतात. मोहरीच्या दाण्यात एक द्रव्य आणि त्याला फोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. दाणा चिरडला आणि पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि तो झणका तयार होतो. मुळा, कोबी, फुलकोबी हे मोहरीचेच भाऊबंद. त्यांच्यातही असाच कारभार चालतो, आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं आरोग्याला उपकारक मानली जातात. उकळत्या पाण्यात ते विकर निकामी होतं. म्हणून किसलेल्या कच्च्या मुळ्याची चव आणि शिजलेल्या मुळ्याची चव यांत एवढं अंतर पडतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कच्च्या अन्नातली विकरं पोटात जाऊन आपलं अन्न पचवतात, असं कच्च्या आहाराच्या प्रचारात वारंवार सांगितलं जातं. विकरं ही प्रथिनं असतात. जठरातल्या आम्लात त्यांचं बहुतेक बाकीच्या प्रथिनांसारखंच होतं, ती पचून जातात. आपलं अन्न पचवणारी विकरं आपली लाळ, जठर, स्वादुपिंड आणि आतडं तयार करतात. मोहरीतलं विकर आपलं काम करतं ते पाट्यावर आणि तोंडात.

तिसरा लाभ चोथ्याचा आणि चावण्याचा. कच्चं खाणं चावावं लागतं, जेवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पोट भरल्याची जाणीव होते. तेल-मीठही आपोआप कमी जातं.

शिजवण्याचे लाभही तितकेच खरे आहेत. टोमॅटोतलं लाल द्रव्य, लायकोपिन, शिजवल्यावर आणि सोबत तेल-तूप असलं की शरीराला अधिक मिळतं. गाजरातल्या कॅरोटीनचंही तसंच. म्हणून टोमॅटोचं सार आणि टोमॅटोची कोशिंबीर या दोन्हींना ताटात जागा हवी. गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट आणि वरून फोडणी घालतात, त्यातल्या स्निग्धांशाचाही कॅरोटीन शोषायला उपयोग होतो.

पहिलं काम: मऊ करणं

चूल बंद केली की हे काम पाणी, वेळ, किसणी आणि दात यांच्यात वाटून द्यावं लागतं.

पाणी आणि वेळ यांची करामत मोड आणताना दिसते. एक वाटी मूग निवडून, दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा आणि रात्री तिप्पट पाण्यात भिजत घाला. आठ-दहा तासांत दाणे टम्म फुगतात. तळाशी काही दाणे कडकच राहतात, ते गणंग. ते आत्ताच वेचून टाका, नाहीतर खाताना दाताखाली येतात. भिजवलेलं पाणी ओतून द्या, कारण पोटात वायू करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्यात उतरलेला असतो. मूग पुन्हा धुऊन चाळणीत पूर्ण निथळू द्या आणि ओल्या पण पिळलेल्या मलमलच्या फडक्यात सैल बांधा. गाठोडं घट्ट बांधलं तर आत हवा खेळत नाही. ते चाळणीत ठेवून वर ताट झाका. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड डोकावतात, थंडीत पूर्ण दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. फडकं वाळलं तर मोडांची टोकं तपकिरी होतात, पाणी साठलं तर दाणे बुळबुळीत होतात. अर्ध्या बोटाएवढे, पांढरेशुभ्र मोड आले की झालं. एका वाटीच्या जवळपास तीन वाट्या होतात.

त्या एका दिवसात दाण्याच्या आत पुष्कळ काही घडतं. कोरडं बी हे रोपासाठी कुलूपबंद केलेलं कोठार असतं. पाणी मिळताच बी जागं होतं आणि स्वतःचीच कुलपं उघडू लागतं. पिष्टाची साखर होते, म्हणून मोडाचा मूग गोडसर लागतो. लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटिक आम्ल काही प्रमाणात मोडतं, त्यामुळे ही खनिजं आपल्याला मिळायला सोपी होतात. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. चुलीने जे काम वीस मिनिटांत केलं असतं, त्याचा एक भाग बी स्वतः चोवीस तासांत करून देतं.

मटकीला दहा-बारा तास भिजवणं लागतं आणि मोड लांब येतात. हरभरा मोड आल्यावरही चावायला कठीण, म्हणून तो भरड वाटून घ्यावा. भिजवलेली डाळ वाटून न शिजवता खाणं आपल्याकडे नवीन नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाची कैरीची डाळ म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी आणि फोडणी. मुळ्याच्या चटक्यातही भिजवून वाटलेली डाळच असते, सोबत किसलेला मुळा आणि दही. दोन्ही पदार्थ वाटीभर खातात, परातभर नाही. ते प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण कच्ची डाळ पचायला जडच असते.

मग राहिले दात. चिंपांझी दिवसाचे सहाएक तास चावण्यात घालवतात, असं मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगहॅम यांनी दाखवून दिलं आहे. अन्न शिजवायला लागल्यावर माणसाचा हा वेळ वाचला आणि दात-जबडे लहान होत गेले, असं त्यांचं म्हणणं. आपल्याजवळ ते सहा तास नाहीत, म्हणून किसणी, विळी, खलबत्ता आणि पाटा-वरवंटा हेच कच्चा आहार घेणाऱ्याचे खरे दात. गाजराचे जाड तुकडे खाण्यापेक्षा बारीक किस खावा. कोबी अगदी बारीक चिरून मिठाने हलका चोळावा, म्हणजे पाच मिनिटांत लवतो.

दुसरं काम: पोट भरणं

पालेभाजीची मोठी जुडी शिजली की वाटीभर होते. चूल भाजीतलं पाणी काढून ती आटोपशीर करते, आणि धान्याला पचण्याजोगं करते. कच्च्यावर राहायचं तर आकडे माहीत हवेत. शंभर ग्रॅम काकडीत साधारण पंधरा उष्मांक असतात, मोडाच्या मुगात तीस, गाजरात चाळीस, केळ्यात नव्वद. त्याच शंभर ग्रॅमला खजुरात सुमारे २८०, ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे, शेंगदाण्यात आणि तिळात साडेपाचशेच्या वर. काकडी आणि मोड यांच्यावर दिवस काढायचा म्हटलं तर टोपलीभर खाऊनही माणूस उपाशीच राहील.

मोडांकडून प्रथिनांची अपेक्षाही बेतानेच ठेवायला हवी. वाटीभर, म्हणजे शंभर ग्रॅम मोडाच्या मुगात तीन ग्रॅम प्रथिनं असतात, कारण त्यात नव्वद टक्के पाणी असतं.

याचा परिणाम काय होतो ते जर्मनीतल्या एका पाहणीत दिसलं. गीसन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये पाचशेहून अधिक कच्चाहारी स्त्री-पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली. ही माणसं सरासरी साडेतीन वर्षांहून जास्त काळ या आहारावर होती. पुरुषांचं वजन सरासरी दहा किलोच्या आसपास आणि स्त्रियांचं बारा किलोच्या आसपास उतरलं होतं. पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती, आणि आहारात कच्च्याचं प्रमाण जितकं जास्त तितकं हे जास्त आढळलं. पाळी थांबणं म्हणजे शरीराने काटकसर सुरू केल्याची खूण. ती शुद्धीची खूण समजून कोणी आनंद मानू नये, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे.

म्हणून प्रत्येक कच्च्या जेवणात एक वजनदार गोष्ट हवीच: मूठभर भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं, तिळाची चटणी, बदाम-अक्रोड, खजूर, केळं. शेंगदाणे निवडताना कुबट वासाचे, काळपट, बुरशी लागलेले दाणे न चुकता फेकून द्या. त्या बुरशीचं विष यकृताला मारक असतं.

तिसरं काम: जंतू मारणं

२०११ च्या मे-जून महिन्यांत जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. जवळपास चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली, आणि शेकडोंची मूत्रपिंडं कामातून गेली. सुरुवातीला संशय काकड्यांवर गेला, पण माग निघाला तो कच्च्या मोडांपर्यंत, आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही हवीच असते. शिवाय जंतू बियांच्या बारीक भेगांत असले तर कितीही धुतलं तरी निघत नाहीत.

म्हणून मोडांबाबत माझा नियम कडक आहे. बियाणं खाण्यासाठी विकलेलं घ्यायचं, पेरणीसाठी औषध लावलेलं कधीच नाही. हात, चाळणी, फडकं स्वच्छ, आणि फडकं प्रत्येक वेळी उकळून उन्हात वाळवलेलं. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवायचे. बुळबुळीत झाले किंवा आंबूस वास आला की हळहळ न करता टाकून द्यायचे. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारातून उठलेलं कोणी घरात असेल तर त्यांचे मोड पूर्ण शिजवूनच द्यायचे. नुसती वाफ दाखवून भागत नाही.

पालेभाजीचा प्रश्न मातीचा आहे. पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी जमिनीलगत वाढतात. सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीवर जंतांची अंडी असू शकतात, आणि फीतकृमीच्या एका जातीची अंडी पोटात गेली तर मेंदूपर्यंत पोचून आकडी आणणारा आजार होतो. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने ही अंडी जातील याची खात्री देता येत नाही. खरा उपाय वाहत्या पाण्याचा आणि हाताच्या बोटांचा: जुडी सोडवायची, मुळं कापायची आणि एकेक पान नळाखाली दोन्ही बाजूंनी चोळायचं. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाकायची आणि बाकीची सुटी करून धुवायची. पावसाळ्यात शेतातला चिखल पानांवर उडतो, तेव्हा पालेभाजी चुलीवरच जाऊ द्यावी. त्या चार महिन्यांत साल काढता येणाऱ्या गोष्टी कच्च्या खाव्यात: काकडी, गाजर, बीट, केळं, डाळिंब, पपई.

दूध मात्र कच्चं पिऊ नये. कच्च्या दुधातून क्षयरोग आणि ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात. दूध तापवून लावलेलं दही कोशिंबिरीत घालायला काहीच हरकत नाही.

चौथं काम: विष उतरवणं

वनस्पतीला पळून जाता येत नाही, म्हणून ती स्वतःचं रक्षण रसायनांनी करते. काही रसायनं फक्त आगच काबूत आणते, आणि तिथे चुलीला पर्याय नाही.

राजमा हे त्याचं ठळक उदाहरण. कच्च्या राजम्यातल्या एका प्रथिनामुळे चार-पाच दाण्यांतही उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवून, पाणी टाकून, चांगला खळखळून उकळूनच तो खायचा; मोड आणले म्हणून कच्चा चालत नाही. आपले कडवे वालही तसेच. त्यांच्यात सायनाइड सुटणारी द्रव्यं असतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्या काढल्या तरी त्यांची उसळ शिजवूनच करतात, आणि ती पद्धत मोडू नये. अळू आणि सुरण यांच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचून खाज आणतात. बटाटा कच्चा पचत नाही, आणि हिरवा पडलेला तर शिजवूनही खाऊ नये.

कडू दुधीबद्दल विशेष सावध राहायला हवं. दुधीचा कच्चा रस पिण्याची चाल पसरली आणि कडू रसाने माणसं गंभीर आजारी पडल्याचे, काही दगावल्याचेही प्रकार भारतात घडले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं. दुधी, दोडका, काकडी एकाच कुळातले. काकडी चिरण्यापूर्वी आपल्या घरात देठाकडचा तुकडा कापून फेस येईतो घासतात आणि मग एक चकती चाखतात. कडू द्रव्य देठाकडे जास्त असतं, म्हणून तो तुकडा जाणं चांगलंच, पण खरी राखण त्या चाखलेल्या चकतीने होते. कडू लागलं की टाकायचं, आणि ‘कडू ते औषधी’ हे इथे लावायचं नाही.

कोकणातल्या वाचकांना माहीत असलेली एक गोष्ट बाकीच्यांनाही सांगते. काजूच्या टरफलात कातडी भाजणारं तेल असतं. पिशवीत ‘कच्चे’ म्हणून मिळणारे काजू फोडण्यापूर्वी कारखान्यात वाफवलेले किंवा भाजलेले असतात. पोहेसुद्धा भात भिजवून, भाजून मग कांडलेले असतात. तेव्हा शंभर टक्के कच्चं खाण्याचा हट्ट धरला तरी आग आपल्याआधी कुठेतरी लागून गेलेलीच असते.

सुरुवात कशी करावी

आपल्या पानात डावी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर तिथे वाढतात. कच्च्या आहाराची जागा आपल्या घरात आधीपासून आखलेली आहे, फक्त ती चमचाभर उरली आहे. पहिल्या आठवड्यात एवढंच करा: दुपारच्या जेवणात चमचाभर कोशिंबिरीची वाटीभर करा, आणि ती जेवणाच्या सुरुवातीला खा.

ती रोज खावीशी वाटली पाहिजे, म्हणून एक कोशिंबीर जवळून दाखवते. कोवळी काकडी सोलून डाव्या हातात उभी धरायची आणि सुरीने तिच्यावर उभे-आडवे घाव घालत चोचवायची, मग वरून पातळ काप काढायचे. किसलेली काकडी लगदा होते, चोचवलेली कुरकुरीत राहते. सुटलेलं पाणी हलकं पिळून वेगळं काढायचं आणि ताकात घालून प्यायचं. काकडीत दाण्याचा कूट, ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू आणि चिमूटभर साखर. वर चमचाभर तुपाची जिऱ्याची फोडणी. मीठ अगदी शेवटी, पानात वाढताना. मीठ काकडीतलं पाणी ओढून घेतं, म्हणून आधी घातलं तर दहा मिनिटांत कोशिंबिरीचं कालवण होतं. त्या चमचाभर फोडणीला मी आगीचा दोष मानत नाही. तिच्यामुळे वाटी रिकामी होते.

दुसऱ्या आठवड्यात न्याहारीचा निम्मा भाग कच्चा करा: एक मोसमी फळ आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे. तिसऱ्या आठवड्यात अर्धी वाटी मोड आणा, तेही आधी नुसते वाफवून आणि पोट रुळलं की कच्चे. चौथ्या आठवड्यापासून दिवसातलं एक जेवण पूर्ण कच्चं करून बघा: मोठी वाटीभर कोबीची पचडी किंवा बीट-गाजराचा किस, अर्धी वाटी मोड, खोबरं किंवा तिळाची चटणी, एक केळं आणि पेलाभर सोलकढी. नारळाचं दूध आणि आमसुलांचा आगळ यांची सोलकढी चुलीवर चढतच नाही. दुसरं जेवण मात्र गरम भाकरी, वरण, भाजी, भात असंच राहू द्या.

एवढ्या सावकाशीला कारण आहे. चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून वायू होतो. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगतं, हळूहळू वाढवला तर आतडं आणि तिथले जिवाणू जुळवून घेतात. पाणीही वाढवा, नाहीतर तोच चोथा बद्धकोष्ठ करतो. थंडीत गारठा वाटला तर किसात आलं, मिरी, ओवा घाला आणि कच्चं जेवण दुपारचं ठेवा.

टिकवायचं तर

बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध-दही, अंडी, मासे यांतून मिळतं. दूधही सोडणाऱ्याने त्याच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. जर्मनीतल्याच दोनशे कच्चाहारी लोकांच्या तपासणीत वाईट कोलेस्टेरॉल कमी आढळलं, ही चांगली गोष्ट. पण एक तृतीयांशाहून अधिक लोकांत बी-१२ची उणीव होती. ती उणीव वर्षानुवर्षं गुपचूप वाढते आणि हातापायांच्या मुंग्यांनी कळते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. दर महिन्याला वजन वहीत लिहा. नको असताना ते उतरत राहिलं, केस गळू लागले, पाळी चुकली, सतत थंडी वाजली, तर कच्च्याचं प्रमाण त्याच दिवशी कमी करा.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा आहार आपल्या मनाने करू नये. त्यांना भाजी उकडून पाणी टाकायला सांगतात ते पोटॅशियम कमी व्हावं म्हणून, आणि कच्च्यात ते सगळंच राहतं. पालकाचे पेलेच्या पेले कच्चे रस धडधाकट माणसाच्या मूत्रपिंडालाही ऑक्झलेटमुळे इजा करू शकतात. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण आहार बदलला की औषधाची मात्राही बदलावी लागू शकते. वाढत्या वयाच्या मुलांचं पोट लहान आणि गरज मोठी. त्यांना कोशिंबीर भरपूर द्या, पण पूर्ण कच्च्यावर ठेवू नका.

गांधीजींकडे पुन्हा येते. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. काकडी, टोमॅटो, कोवळा पाला या गोष्टी शिजवायची गरज नाही, त्या नीट धुऊन थोड्या प्रमाणात कच्च्या खाव्यात, असं त्यात आहे. रोजच्या आहाराचं मोजमापही आहे: दूध, धान्य, शिजवलेल्या भाज्या, तूप, गूळ, आणि कच्ची भाजी एक औंस. सहा लिंबांएवढ्या उत्साहाने सुरू झालेला प्रयोग तेरा वर्षांनी त्या एका औंसावर येऊन स्थिरावला, आणि ती माघार होती असं मला वाटत नाही. आपल्या शरीरावर दोनदा पडताळून पाहून त्यांनी चुलीचं काम चुलीला परत दिलं.

वाहतं पाणी, फ्रिज आणि रक्ताची तपासणी हाताशी असताना आपण त्या एका औंसाच्या खूप पुढे जाऊ शकतो. माझ्या घरी आता दुपारचं जेवण बहुतेक कच्चं असतं आणि संध्याकाळी भाकरी थापली जाते. असं चालू होऊन सहा वर्षं झाली, आणि रात्री अकरा वाजता मला कशाची आठवण येत नाही. ओट्यावर चाळणीत ताटाखाली मुगाचं गाठोडं असतं, शेजारी तवा तापत असतो, आणि दोघांनाही आपापलं काम आहे.